मागची काच

गाडीला बारीकसा हिसका बसला. धक्का म्हणावा एवढाही नाही. निघता निघता कुणी कोटाची बाही धरावी, एवढाच. मी गाडी मागे घेत होते, म्हणून आणखी हातभर मागे गेले, आणि समोर, बॉनेटवरच्या बर्फाच्या ढिगापलीकडे, टक्कन काहीतरी तुटलं. त्याबरोबर औलिसच्या पायाशी घरघरणारा छोटा पंखा बंद पडला. बंद पडल्यावर कळलं की तो इतका वेळ चालू होता. अंगणातल्या खांबाच्या विजेवर चालणारा गरम हवेचा पंखा, खांबाच्या विजेवर रात्रभर ऊब धरून राहणारं इंजिन, आणि खांबापासून गाडीच्या नाकापर्यंत गेलेली पिवळी वायर. ती न काढताच मी निघाले होते. आमच्या ओउलू शहरात याहून मोठी नामुष्की नाही. नवऱ्याला सोडून दुसऱ्याच्या घरी राहायला गेलेल्या बाईबद्दल लोक दोन महिने बोलतात. वायर तोडून निघालेल्याबद्दल जन्मभर.

"पेर्केले," औलिस म्हणाला.

झटका येऊन त्याला आता वर्ष होत आलं. उजवं अंग गेलं, आणि बोलणं गेलं, एवढी एक शिवी सोडून. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शिव्या मेंदूत वेगळ्या जागी असतात. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी काय काय बोलला असेल, 'हिल्का' म्हणून हाका मारल्या असतील, लाडात असला की 'मालकीण' म्हणून चिडवलं असेल. त्यातलं काही म्हणता काही राहिलं नाही, आणि सैतानाचं नाव तेवढं शाबूत राहिलं. कॉफी हवी, पेर्केले. लघवीला लागली, पेर्केले. तांपेरेहून मुलाचा फोन येतो, मी तो औलिसच्या कानाला लावते, हा तेच म्हणतो, आणि मुलगा तिकडून "हो बाबा, हो बाबा" करतो. मला किळस येते. बापाची नाही येत तेवढी त्या 'हो बाबा'ची येते.

मी खाली उतरले. वायरीचा एक तुकडा गाडीच्या जाळीतून जीभ बाहेर काढून लोंबत होता, दुसरा खांबाच्या पेटीतून. पेटीचं झाकण कुलूपबंद, तसंच. उणे एकोणतीसमध्ये तुटलेलं रबर किती निर्जीव दिसतं ते त्या दिवशी पाहिलं. आणि मला ज्याची भीती होती तेच झालं. पहिल्या मजल्यावरचं बाल्कनीचं दार उघडलं आणि शेजारी एन्सिओ बाहेर आला, गंजीवर, हातात कॉफीचा कप. या एन्सिओनं एका हिवाळ्यात, आमची मुलं शाळेत होती तेव्हा, अशीच वायर तोडली होती. तेव्हापासून औलिसनं त्याला सुखानं जगू दिलं नाही. दर हिवाळ्यात, भर अंगणात, सौनाच्या गरम वाफेत बाकावर उघडेवाघडे बसलेले असताना सुद्धा: "एन्सिओ, आज खांब बरोबर घेऊन चाललास की काय?" सौनातले सगळे हसायचे. एन्सिओही हसायचा. इतकी वर्षं हसत राहणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे.

"हिल्का," तो वरून म्हणाला, "खांब इथंच राहिला गं."

"दिसतंय मला."

"नाही, म्हटलं विसरलीस की काय." त्यानं कॉफीचा घोट घेतला. अगदी सावकाश. "म्हाताऱ्याला सांग, मी काही बोललो नाही."

"तूच खाली येऊन सांग ना."

"नको, नको. गारठा आहे," असं म्हणून तो आत गेला. मला वाटलं होतं त्याचा चेहरा आनंदानं फुलेल. तसा तो फुलला नाही. त्यानं गाडीत बसलेल्या औलिसकडे बघितलं, आणि मग नजर काढून घेतली, आणि हे त्याच्या हसण्यापेक्षा वाईट होतं.

चूक माझीच, पण ती कशी झाली ते सांगते. औलिसचा नियम होता: आधी वायर, मग बाकीचं. आधी किल्लीनं खांबाची पेटी उघडायची, तिकडचं टोक काढायचं, मग गाडीचं. उलटं कधी करायचं नाही. गाडीकडचं टोक आधी काढलं तर जिवंत वायर अंगणात लोंबत राहते आणि एखादं पोर तिला हात लावतं. मग वायरीचं वेटोळं करून मागं टांगायचं. मग छतावरचा बर्फ, मग बॉनेट, मग काचा. पुढची, बाजूच्या, आरसे, दिवे, आणि मागची, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. दारांच्या रबरांना ग्लिसरीन. तो गाड्यांच्या वार्षिक तपासणीच्या केंद्रावर नोकरीला होता. सगळं गाव वर्षातून एकदा आपापली गाडी घेऊन त्याच्यापुढं उभं राहायचं, आणि हा हातात छोटी हातोडी घेऊन गाडीच्या पोटाखाली टक टक करत हिंडायचा आणि मान हलवायचा. घरीही तो तसाच हिंडायचा. हिवाळ्यात गाडी माझ्या हातात द्यायची नाही, हाही त्याचाच नियम. मला लायसन होतं. उन्हाळ्यात बेरी वेचायला जाताना मी चालवायची. ऑक्टोबरात खिळ्यांचे टायर चढले की मी त्याच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर पिशव्या घेऊन. म्हातारपणी मला हिवाळ्यातली गाडी शिकावी लागली, आणि ती मी यूट्यूबवर एका पोरगेल्या माणसाकडून शिकले, औलिस समोर बसून प्रत्येक वाक्याला शिवी हासडत असताना.

तर त्या सकाळी पेटीची किल्ली सापडेना. ती दाराजवळच्या खुंटीला असते. कायम असते. खुंटी रिकामी. मी खिसे पाहिले, बुटांत पाहिलं, औलिसच्या आरामखुर्चीच्या उशीखाली हात घातला आणि तिथं पावाचे तुकडे आणि चघळून टाकलेली सालमियाक्कीची, म्हणजे ज्येष्ठमधाची, गोळी हाताला लागली. काळी, खारट, ओली. त्याला या गोळ्या पहिल्यापासून आवडतात. आता त्याची लाळ काळी होते आणि तोंडाच्या लुळ्या पडलेल्या कोपऱ्यातून हनुवटीवर उतरते. मी शाळेच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांची मदतनीस होते. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडांत गेलं माझं. किडलेले दात पाहिले, गळवं पाहिली, पोरं हातावर ओकली. कधी काही वाटलं नाही. आणि या एका तोंडाची मला इतकी किळस येते की जेवताना मी त्याच्या समोर न बसता शेजारी बसते, म्हणजे भरवता येतं आणि बघावं लागत नाही. मी ठरवलं, किल्ली गेली खड्ड्यात, निघताना गाडीकडचंच टोक उपसून टाकीन, लोंबू दे जिवंत वायर. आणि आज सगळं माझ्या क्रमानं करायचं, त्याच्या नाही. छताला हात लावला नाही. पुढच्या काचेवर माझ्यापुरती फट खरवडली. मागच्या काचेला मुद्दाम हात लावला नाही. मग वर जाऊन त्याला कपडे चढवले, आणि कोट घालून झाल्यावर, बूट घालून झाल्यावर त्यानं चड्डी ओली केली. सगळं उतरवलं, पुसलं, पुन्हा चढवलं. डाव्या हातावरचा लोकरी हातमोजा मात्र तो काढू देईना. "राहा तसाच," मी म्हणाले. या सगळ्यात ती वायर डोक्यातून गेली ती गेलीच.

आणि डोक्यात दुसरं होतं. मी त्याला सांगितलं होतं, एका आठवड्यासाठी जातोयस. नदीच्या वरच्या अंगाला, पाऊण तासावर, म्हाताऱ्यांचं घर आहे. शरद ऋतूत तो तिथं एकदा आठवडाभर राहून आला होता, मला जरा उसंत म्हणून. त्या आठवड्यात मी सकाळी उठून खिडकी उघडली होती आणि नुसती उभी राहिले होते, घरात कुणाचाही वास नव्हता. या वेळी तिथून फोन आला की एक खोली कायमची मोकळी झाली आहे, हवी का? हवी, मी म्हणाले. विचार करून सांगते, एवढंही म्हणाले नाही. मग पुढं सगळे दिवस मी त्याला सांगायचं ठरवत राहिले. सूप भरवताना सांगू, दाढी करताना सांगू. मुलगा म्हणाला, "आई, सांगायलाच हवं का? त्याला कितपत समजतं?" समजतं, सगळं समजतं. गाडीचा पट्टा जरा कुरकुरला तरी त्याचे कान टवकारतात. आदल्या दिवशी मी त्याची बॅग भरली तेव्हा तो आरामखुर्चीतून बघत होता. आठवड्याच्या बॅगेत मी त्याचे अर्ध्या बाह्यांचे उन्हाळी शर्ट घातले. बाहेर जानेवारी. त्यानं शर्टांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकदाही पेर्केले म्हणाला नाही. मी बॅगेची चेन ओढली.

तर अशी तुटकी वायर लोंबवत आम्ही निघालो. शहरात धुरांचे लोळ. थंडीत धूर वर चढत नाही, गाड्यांच्या मागं लोळत राहतो. मी फटीतून बघत चालवत होते, मान वाकडी करून. औलिसच्या बाजूची काच पांढरी ठार. त्याच्या श्वासानं आतूनही बर्फ धरत होता, आणि तो डाव्या हाताचा मोजा मधूनमधून काचेकडे न्यायचा, पण पुसायचा नाही, मूठ मिटलेलीच. "खाली ठेव हात," मी म्हणायची. पुलाजवळ सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला, आणि छतावर दोन दिवस साठलेला बर्फ एका दमात पुढं घसरला आणि अख्ख्या काचेवर येऊन बसला. गाडीत अंधार झाला. रस्ता नाही, सिग्नल नाही, काही नाही.

"पेर्केले," तो म्हणाला. आणि मी सांगते, एवढ्या समाधानानं त्यानं तो शब्द वर्षभरात उच्चारला नव्हता.

"गप्प बस!" मी ओरडले. मागून हॉर्न वाजायला लागले. मी उतरून हातांनी बर्फ उपसत राहिले, मोजे आतून भिजले, मागच्या गाडीतला एक गृहस्थ काच खाली करून म्हणाला, "अहो बाई, घरून निघतानाच करतात हे," आणि मी त्याला औलिसचा शब्द ऐकवला. परत आत बसले तर गाडीत तो वास: ओली लोकर, ज्येष्ठमध, रबरी पायपुसण्यांवरचं वितळलेलं तपकिरी पाणी, आणि या सगळ्याखाली, कितीही धुतलं तरी, मुताचा. खिडकी उघडायची सोय नाही. पाऊण तास हा वास नाकातून आत घ्यायचा आणि मग परत येताना एकटीनं बसायचं. परत येताना एकटीनं, हे मनात आलं आणि मला आनंद झाला. झाला तो झाला, आता नाही म्हणण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच क्षणी माझी मलाच शिसारी आली.

शहर संपलं. दोन्ही बाजूंना पाईनची झाडं, रस्ता पांढरा, घट्ट, चकाकणारा. लाकडांचा ट्रक समोरून गेला की पाठीमागं बर्फाची भुकटी उडायची आणि तेवढा वेळ श्वास धरून सरळ चालवत राहायचं. आरशात बघावं तर मागची काच म्हणजे पांढरी भिंत. मी मुद्दाम ठेवली होती ती भिंत. त्या काचेवर माझा जुना राग आहे. मुलगा लहान होता, आईला माझ्या माहेरच्या गावातल्या दवाखान्यात ठेवलं होतं, आणि आदल्या संध्याकाळी भावानं कळवलं होतं की आता येऊन जा. सकाळी मी मुलाला लोकरीचे पायमोजे चढवत होते तेव्हा फोन वाजला. औलिसनं घेतला. थोडा वेळ कानाला धरून उभा राहिला, मग ठेवला. "कोण रे होतं ते?" असं मी मुलालाच विचारावं तसं हसत विचारलं. "नंबर चुकला," औलिस म्हणाला आणि कोट घालून खाली गेला. मी मुलाला घेऊन खाली आले तर हा मागची काच खरवडतोय. पुढची झाली, बाजूच्या झाल्या, आता मागची. "चल ना," मी म्हणाले. "झालंच." मी गाडीत बसले. खर्र, खर्र. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. "औलिस, माझी आई मरतेय!" मी दार उघडून किंचाळले. तो थांबला नाही, माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. काच स्वच्छ झाली होती, मला आरपार त्याचा कोट दिसत होता, तरी तो खरवडतच होता. आम्ही पोचलो तेव्हा आई गेली होती. "सकाळीच गेल्या," तिथली नर्स म्हणाली, "आम्ही घरी कळवलं होतं की." घरी म्हणजे भावाच्या घरी, मी समजले. मला त्या घटकेला एवढंच दिसत होतं की माझी आई जीव सोडत होती आणि माझा नवरा काच पुसत होता. त्याला मी ते कधी माफ केलं नाही. भांडलेही नाही. मी त्याच्याकडे त्या दिवसापासून थोडं वाकडं बघायला लागले, आणि पुढं सगळी वर्षं तशीच बघत राहिले. त्याच्या नखांकडे, हातोडीकडे, बटाटा सोलताना एकच लांब साल काढायच्या त्याच्या हौसेकडे. झटका आल्यावर किळस आली असं मी लोकांना भासवते. ती तेव्हापासूनची आहे.

"औलिस," मी गाडी चालवता चालवता म्हणाले, "तुला एक सांगायचंय."

त्यानं तोंड माझ्याकडे वळवलं. हनुवटीवर काळा ओघळ.

"रस्ता बरा आहे आज," मी म्हणाले.

म्हाताऱ्यांच्या घरापाशी ओळीनं खांब होते, प्रत्येकावर पेटी, आणि लोक आपापल्या वायरी जोडून आत गेले होते. मी गाडी एका खांबापुढं लावली. तुटकी जीभ लोंबत होती तशी लोंबत राहिली. योन्ना नावाची नर्स चाकाची खुर्ची घेऊन बाहेर आली, गुलाबी गालांची, कोटाची बटणंही न लावता. "औलिस! आलास का परत आमच्याकडे? जागा ठेवलीय बघ तुझ्यासाठी, खिडकीची." खोली स्वच्छ होती. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसत होती; त्याला आवडेल, योन्ना म्हणाली. तिनं त्याचा कोट काढला, टोपी काढली. हातमोज्याला हात लावला तर त्यानं मूठ छातीशी धरली. "बरं बाबा, राहू दे, गार आहेत ना हात," असं म्हणून तिनं बॅग उघडली आणि शर्ट एकेक करून कपाटात लावायला लागली. उन्हाळी शर्ट हँगरवर चढवताना ती बोलली, "अरे वा, जूनची पण तयारी!" आणि मग माझा चेहरा बघून थांबली. हळूच म्हणाली, "हिल्का, सांगितलंयस ना तू त्याला?"

"सांगितलंय," मी म्हणाले.

औलिस खिडकीबाहेर बघत होता. मी त्याच्या टकलावर ओठ टेकल्यासारखं केलं, टेकवले नाहीत. "येते रे," म्हणाले आणि बाहेर आले.

बाहेर थंडीनं नाकातले केस कडक झाले. मी गाडी चालू केली. लागली. आता निघायचं, एकटीनं, वास जाईपर्यंत पंखा मोठा करायचा. आणि मी खरवडणी घेऊन खाली उतरले. का उतरले ते कळलं नाही. मागच्या काचेशी गेले. बर्फ आता दगड झाला होता. मी खरवडायला लागले. खर्र, खर्र. वरच्या कोपऱ्यातून सुरुवात, खाली, पुन्हा वर. बोटं बधिर झाली. बर्फाचा भुसा बाहीत जात होता. त्याच्या खिडकीकडे माझी पाठ होती, आणि तीच सोय होती. पाठ वळवून काहीतरी करत राहिलं की निघावं लागत नाही, आणि आत जाऊनही काही सांगावं लागत नाही. काच स्वच्छ झाली. आतून सीटची पाठ दिसायला लागली. मी तरी खरवडत होते. स्वच्छ काचेवर. आणि माझा हात तिथंच थांबला.

आम्ही घरी कळवलं होतं की.

फोन आमच्याच घरी आला होता. नंबर चुकला नव्हता. तो थोडा वेळ कानाला धरून उभा होता, मग कोट घालून खाली गेला, आणि माझ्याकडे पाठ करून काच खरवडत राहिला, काच स्वच्छ झाल्यावरही, मी किंचाळले तरीही. तो उशीर करत नव्हता. उशीर कधीच होऊन गेला होता. तो फक्त सांगू शकत नव्हता. जगातल्या यच्चयावत गाड्यांमधली खोट तोंडावर सांगणारा माणूस. त्याला एवढं एक वाक्य बोलता आलं नाही. आणि मग पाऊण आयुष्य माझा राग अंगावर घेत राहिला, तेव्हाही बोलला नाही. मूर्ख. मूर्ख, घुम्या, बिनतोंडाचा म्हातारा. मला रडू आलं नाही. आपण एवढी वर्षं शिळं अन्न खात होतो हे कळावं, तसं वाटलं. खात्रीनं मी कुणाला सांगू शकणार नाही. त्याला विचारून काय उपयोग, तो काय बोलणार ते मला माहीत आहे. पण माझ्या हातात खरवडणी होती, आणि मी आत्ता काय करत होते ते मला माहीत होतं.

मी गाडी बंद केली आणि आत गेले. बूटही झटकले नाहीत. मागं ओल्या चिखलाचे ठसे उमटत होते. तो तिथंच होता, खिडकीशी. त्यानं मला काच पुसताना पाहिलं असणार. मी खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसले, जिथं मी बसत नाही. त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर. लुळा कोपरा, काळी लाळ, पडलेल्या दाताची फट. घाण दिसत होतं. मी बघत राहिले.

"औलिस. हे आठवड्यासाठी नाही. कायमचं आहे. माझ्याच्यानं होत नाही. तुझं अंग पुसताना मला किळस येते, आणि तुला ती कळते. मघाशी मी योन्नाला सांगितलंय म्हणाले, ते खोटं. आता सांगतेय."

त्यानं डावा हात तोंडाशी नेला आणि मोज्याचं टोक दातांत धरलं. ओढलं. निसटलं. पुन्हा धरलं. मी मदत केली नाही. मोजा निघाला, मांडीवर पडला, आणि त्यानं मूठ उघडली. तळव्यात पेटीची किल्ली होती. सकाळभर मी जी पावाच्या तुकड्यांत आणि बुटांत शोधत होते ती. इतकी घट्ट धरलेली की तळव्यावर तिचे दात उमटले होते. कपडे दोनदा बदलताना, गाडीत, पुलावर, रस्ताभर ती त्याच्या मुठीत होती. किल्ली नसली की पेटी उघडत नाही. पेटी उघडली नाही की वायर निघत नाही. आणि वायर निघाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हा नियम हिल्का कशी मोडेल? पायाशी गरम वारा लागत होता तोवर त्याला माहीत होतं की आपण अजून घराला बांधलेले आहोत, आणि जन्मात पहिल्यांदा एक चूक समोर दिसत असताना तो गप्प बसून राहिला.

त्यानं हात पुढं केला. किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली, आणि माझी बोटं आपल्या बोटांनी एकेक करून तिच्यावर मिटवली. एखाद्याला गाडी सुपूर्द करावी तशी. मग खिडकीकडे मान वळवली. बाहेर गाडी उभी होती, नाकातून तुटकी वायर लोंबत, छत अर्धवट, बॉनेट अर्धवट, आणि मागची काच लखलखीत.

"पेर्केले," तो म्हणाला. काचेकडे बोट दाखवून.

"हो," मी म्हणाले. "बघितली मी."

किल्ली गरम होती आणि चिकट होती. घामानं, लाळेनं, त्या काळ्या गोळीनं. मला किळस आली, नेहमी येते तशीच. मी मूठ उघडली नाही.